मिनिटदान

उतार लागला की गाडी न्यूट्रलला सोडायची, ही आमच्या भागातली जुनी खोड आहे. फुकटात घरंगळत खाली जाता येत असताना इंधन कशाला जाळायचं, असं माझे सासरे म्हणायचे. त्यांचे वडील बैलगाडी हाकायचे म्हणून, नाहीतर तेही हेच म्हणाले असते. माझा नवरा मंगेश हायस्कूलात गणित शिकवतो. न्यूट्रलने घाटात किती इंधन वाचतं हे तो पाहुण्यांना वहीत आकडेमोड करून दाखवतो, आणि पाहुणे चहा गार होऊ देत ते बघतात.

२०४१ च्या मार्चमधली गोष्ट. कराडला नणंदेच्या नव्या घराची वास्तुशांत उरकून आम्ही चिपळूणला परत निघालो होतो. मंगेश गाडी चालवत होता, शेजारी मी, आणि मागे बुंदीच्या लाडवांचा डबा मांडीवर घेऊन सासूबाई. आमची लेक मुक्ता नाशिकला शिकते, तिची परीक्षा होती म्हणून ती आली नव्हती. गाडी बारा वर्षांची, इथेनॉलवर चालणारी, हाताने गिअर टाकायची. आमच्या गल्लीतल्या बाकीच्या गाड्या आपल्या आपण चालतात. मंगेशला ते पटत नाही. जे गणित आपण स्वतः सोडवलं नाही त्याच्या उत्तरावर त्याचा विश्वास नसतो.

त्या गाडीत नवीन अशी एकच वस्तू होती. जुन्या गाड्यांना आता ‘सोबती’ बसवल्याशिवाय फिटनेसचा दाखला मिळत नाही, म्हणून महिन्यापूर्वीच तो बसवून घेतला होता. जेवणाच्या डब्याएवढी पेटी, इंजिनाला चिकटवलेले दोन-चार कान आणि आरशापाशी एक बारीक कॅमेरा. बोलायचा मात्र एखाद्या लग्नपत्रिकेसारखा. आम्ही कुंभार्लीचा घाटमाथा ओलांडला आणि मंगेशने सवयीने न्यूट्रल टाकलं, तशी पेटी म्हणाली, “आपण गाडी न्यूट्रलमध्ये ठेवली आहे. कृपया योग्य गिअर निवडावा.”

“गप रे,” मंगेश म्हणाला.

“सांगतोय तर ऐकावं माणसानं,” सासूबाई मागून म्हणाल्या.

“आई, तो माणूस नाहीये.”

तिसऱ्या वळणानंतर इंजिन बंद पडलं. धडाम वगैरे काही झालं नाही. असलेला आवाज गेला आणि टायरचा आणि वाऱ्याचा तेवढा ऐकू यायला लागला. समोरचे लाल दिवे सगळे एकदम लागले. मंगेशने ब्रेक दाबला, सोडला, पुन्हा दाबला, पुन्हा सोडला. पाचव्या वेळी तो म्हणाला, “ब्रेक कडक झालाय.” त्याचा आवाज मी बावीस वर्षांत तसा ऐकला नव्हता. स्टिअरिंगही जड झालं होतं, त्याच्या मनगटाच्या शिरा दिसत होत्या. डावीकडे डोंगर, उजवीकडे दरी, आणि पुढे अर्ध्या किलोमीटरवर ते उलट्या यूसारखं वळण, जिथला कठडा दर पावसाळ्यात नव्याने बांधतात.

तेव्हा सोबती बोलला. लग्नपत्रिका संपली होती.

“गिअर टाक.”

मंगेशने वळूनही पाहिलं नाही.

“दुसरा टाक.”

त्याचा हात हलला. गाडीला मोठा हिसका बसला, बंद इंजिन खालून गुरगुरलं आणि वेग थोडा तुटला.

“दाबून ठेव,” सोबती म्हणाला. “सोडू नको.”

मंगेशचा पाय ब्रेकवर बसला तो बसलाच.

“डोंगराला घास.”

आणि माझ्या मास्तर नवऱ्याने, जो पार्किंगमध्ये खरचटलं तरी दोन दिवस जेवत नाही, दोन्ही हातांनी स्टिअरिंग ओढून गाडीची डावी बाजू डोंगराला घासत नेली. पत्रा किंचाळला, माझ्या बाजूचा आरसा तुटून गेला, माती आणि दगड काचेवर उडाले. वळणाच्या अलीकडे चाळीस पावलांवर गाडी थांबली. हे सगळं बावन्न सेकंदांत झालं.

मागून येणाऱ्या टेम्पोवाल्याने आधी चाकाखाली दगड लावला, मग सासूबाईंना आणि मला मागच्या उजव्या दाराने बाहेर काढलं. मंगेश मात्र उतरेना. पाय ब्रेकवरच.

“मास्तर, सोडा आता. दगड लावलाय,” टेम्पोवाला म्हणाला.

“सोडू नको म्हणालाय तो,” मंगेश म्हणाला. शेवटी सासूबाईंनी वाकून, त्याच्या गुडघ्याला धरून तो पाय उचलला.

या बावन्न सेकंदांतली एक गोष्ट मी तेव्हा कोणालाच सांगितली नाही. गाडी दुसऱ्या गिअरमध्ये पडली तेव्हा मी पट्टा काढला होता आणि दार उघडलं होतं. नवरा आणि सासू यांना गाडीत ठेवून मी उडी मारणार होते. विचार केला नव्हता असं म्हणून मला सुटता येणार नाही. विचार केला होता, आणि त्या विचारात ते दोघं नव्हते. दार चार बोटं उघडलं आणि तेवढ्यात डोंगर येऊन त्यावर आदळला. दार आपटून बंद झालं. मी पट्टा परत लावला. त्या दोघांचं लक्ष समोर होतं, कोणी काही पाहिलं नाही, अशी मी माझी समजूत घातली.

आठ दिवसांनी वाहनसुरक्षा केंद्राचं पत्र मोबाइलवर आलं. इंधनाचा पंप जळाला होता, एवढंच कारण. पुढचं सगळं मंगेशने मोठ्याने वाचलं आणि मग, सवयीप्रमाणे, आम्हाला शिकवलं.

ब्रेक दाबायला आपल्या पायाला इंजिनाची मदत असते. फिरणारं इंजिन हवा ओढून घेतं, त्याने एका डब्यात पोकळी तयार होते, आणि ती पोकळी पायाचा जोर कितीतरी पटीने वाढवते. इंजिन बंद पडलं की डब्यात दोन-तीन वेळा दाबण्यापुरतीच पोकळी उरते. घाबरलेला माणूस ब्रेक दाबतो-सोडतो, दाबतो-सोडतो, आणि ती उधळून टाकतो. गाडी गिअरमध्ये असेल तर मात्र चाकंच बंद इंजिनाला फिरवत राहतात. ते हवा ओढत राहतं, पोकळी पुन्हा तयार होते, शिवाय वेगही तुटतो. न्यूट्रलमध्ये यातलं काहीच होत नाही.

“म्हणजे तुझ्या वहीतलं गणित...” मी म्हटलं.

“चुकलं होतं,” तो म्हणाला. त्याच्या तोंडून हा शब्द मी प्रथमच ऐकत होते.

हे ज्ञान जुनंच होतं, कोणताही मेकॅनिक सांगेल. सोबतीचा शोध वेगळा होता. घाटात गाडी बंद पडल्यावर माणसाला काय करायचं ते सांगायची यंत्रं आधीही होती, पण माणसं ऐकतच नव्हती. प्रयोगशाळेत खोट्या गाडीत बसवलेला माणूस खरं घाबरत नाही, त्यामुळे तिथे काही कळेना. मग केंद्राने खऱ्या गाड्यांमधली शेवटची मिनिटं मागायला सुरुवात केली. ज्यांच्या गाड्या वाचल्या त्यांची, आणि ज्यांच्या नाही वाचल्या त्यांचीही. नेत्रदान करतात तसं हे मिनिटदान. त्या हजारो मिनिटांतून यंत्राला उमगलं की भ्यालेल्या माणसाचा कान लांब वाक्य घेतच नाही. दोन शब्द घेतो, तेही त्याच्या घरात त्याच्याशी बोलतात तशा भाषेत. ‘कृपया’ ऐकला की पाय हलत नाही.

पत्रात पुढे होतं: ‘आपल्या प्रसंगात सोबतीने सर्वांत जास्त आधार घेतलेलं मिनिट: कै. संग्राम हिंदुराव साळुंखे, वय ३१, कुंभार्ली घाट, जून २०३६. दाते: वडील, हिंदुराव साळुंखे, तालुका पाटण. दात्यांनी ओळख खुली ठेवली आहे.’

जिथे आम्ही वाचलो त्याच घाटात पाच वर्षांपूर्वी तो मुलगा गेला होता.

शेवटी विनंती होती. आपलंही मिनिट द्यावं. गाडीत असलेल्या प्रत्येकाने ते आधी पाहावं, मग सही करावी. तीस दिवसांत एकाचीही सही राहिली तर मिनिट कायमचं पुसलं जाईल. आणि त्याखाली एक ओळ: ‘पुढच्या डाव्या आसनावरील हालचालीसारखी नोंद आमच्याकडे फार कमी आहे. त्यामुळे आपलं मिनिट विशेष मोलाचं आहे.’

“डाव्या आसनावर तूच होतीस,” मंगेश म्हणाला. “काय केलंस तू?”

“घाबरले,” मी म्हटलं. “आणि मी सही करणार नाही.”

“का?”

“माझं घाबरणं माझं आहे. लॅबमध्ये लोकांच्या रक्ताचे रिपोर्ट मी बंद पाकिटात देते ना? मग?”

“अगं, पण दुसऱ्याचं मिनिट घेतलंच ना आपण? त्या म्हाताऱ्याचं पाकीट उघडलं म्हणून आपण इथे बसलोय.”

त्याचं खरं होतं, म्हणूनच मला राग आला. मी भांडी घासायला गेले. सासूबाई या सगळ्यात एक अक्षर बोलल्या नाहीत. मला वाटलं, त्यांना पत्रातलं फारसं कळलं नसेल. माणूस स्वतःच्या भीतीत असला की दुसऱ्याला अडाणी समजतो.

सही राहू दे, पण त्यांना भेटून तर येऊ, असं मंगेशने लावून धरलं. गाडी दुरुस्त होऊन आल्यावर एका रविवारी सकाळी आम्ही पाटणच्या पुढे, मोरणा नदीच्या अलीकडे त्यांच्या गावी गेलो. हिंदुराव ओसरीवर शेंगा फोडत बसले होते. सत्तरीचे, उंच, डावा पाय सरळ पुढे ठेवलेला. तो वाकत नव्हता.

“घाटातली मंडळी न्हवं?” आम्ही नाव सांगायच्या आत ते म्हणाले. “या, बसा. फोन आल्ता केंद्रातनं. वाचल्याली तुमी सहावी.”

त्यांच्या कारभारणीने चहा आणला आणि त्या आत गेल्या. त्या घाटाच्या बोलण्याला थांबत नाहीत, हे हिंदुरावांनीच सांगितलं. मग त्यांनी न विचारता सगळं सांगितलं. पोरगा आणि ते चिपळूणला मासळी आणायला निघाले होते. उतार लागल्यावर, “मीच म्हनलो त्येला, टाक न्यूट्रल. आमच्यात समदीच टाकत्यात. त्यो नगं म्हनत हुता, आबा, नव्या गाडीला चालत न्हाई. मी म्हनलो, तू मला शिकवतूस का? ते समदं त्यात हाय. माझ्याच आवाजात हाय.”

शेंगांचं टरफल त्यांच्या बोटांत चुरत होतं.

“गाडी बंद पडली अन् मी वरडाय लागलो. हे कर, ते कर, आसं धर, तसं धर. त्येच्या कानावर काय बी जात न्हवतं. ब्रेक नुसता हानत हुता. मग माझाच दम संपला. दोनच शब्द आलं तोंडातनं. दाबून ठेव. तवा त्येचा पाय थांबला बघा. पर तवर ब्रेकात काय उरलंच न्हवतं.”

मी विचारू नये ते विचारलं. “हे सगळं परक्या माणसांना ऐकवताना लाज नाही वाटली?”

मंगेशने माझ्याकडे डोळे वटारले. हिंदुराव मात्र रागावले नाहीत.

“वाटली की. आजून वाटती. सहीला आठ म्हैनं लावलं मी, तवा ही तीस दिसांची मुदत न्हवती. कुनी मला बोल लावला न्हवता ओ, मी गप ऱ्हायलो असतो तर कुनाला कळलं बी नसतं.” त्यांनी रस्त्याकडे बोट केलं. “पर शाळेची गाडी जाती त्याच घाटातनं. रोज हितनं बघतो मी.”

मग ते मंगेशकडे वळले. “तुमास्नी काय म्हनला त्यो डबा?”

“दाबून ठेव. सोडू नको.”

“अन् तुमी?”

“नाही सोडला.”

“कुठल्या पायानं?”

मंगेशने उजवा पाय थोडा पुढे केला. म्हाताऱ्याने त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला आणि तो तिथेच ठेवून ते बराच वेळ अंगणाकडे पाहत राहिले. मंगेश हलला नाही. सासूबाई उठल्या, त्यांच्यासमोर उभ्या राहिल्या आणि हात जोडून म्हणाल्या, “दादा, माझा मुलगा मला दिसतोय तो तुमच्यामुळं. तुमच्या मुलामुळं. मला दुसरं काय बोलता येत नाय.” हिंदुरावांनी मान हलवली. आत भांड्यांचा आवाज थांबला होता.

परतीच्या वाटेवर मंगेशने माथ्यावरच दुसरा गिअर टाकला. त्याच्याकडे पाहताना मला कळत होतं की माझी लाज आणि त्या म्हाताऱ्याची लाज यांची बरोबरीच होणार नाही. त्यांच्या लाजेमागे मुलगा गेला होता. माझं तर काहीच गेलं नव्हतं. आणि आणखी एक गोष्ट मला रात्रंदिवस टोचत होती, ती मी लॅबवाली असल्यामुळे असेल. सोबती गाड्यांना डोंगरावर घासायला सांगतो. डाव्या सीटवरचं कोणी माझ्यासारखं एक सेकंद आधी उडी मारेल, तर ते गाडी आणि डोंगर यांच्यामध्ये सापडेल. सोबतीला हे पुरतं माहीत नव्हतं. त्या बाईला कोणते दोन शब्द सांगायचे ते त्याने शिकायचं, तर त्याला माझी नोंद हवी होती.

सत्ताविसाव्या दिवशी दुपारी जेवणं झाल्यावर मी म्हटलं, “लाव ते टीव्हीवर. पण आधी मला बोलू दे.”

मी दोघांकडे न बघता सांगितलं. पट्टा काढला, दार उघडलं, तुम्हाला सोडून जाणार होते. मंगेशचा चेहरा मी पाहिला नाही, पण त्याने हातातला रिमोट खाली ठेवल्याचा आवाज आला.

“आता लाव,” सासूबाई म्हणाल्या. “पुरतं बघ, हेमांगी. मग बोल.”

पडद्यावर आम्ही तिघं. मंगेश ब्रेक हाणतोय. माझा हात पट्ट्याकडे जातो, मग दाराकडे. एवढंसंच दिसलं. आणि मग मला मागची सीट दिसली. लाडवांचा डबा खाली पडला होता. सासूबाई पुढे झुकल्या होत्या, त्यांचं तोंड अगदी माझ्या कानापाशी होतं, आणि त्या बोलत होत्या. मंगेशने आवाज वाढवला. वाऱ्यातून त्यांचा आवाज आला, “मार उडी, हेमांगी. मार गो. जा तू.”

मला त्या वेळी यातलं काहीही ऐकू आलं नव्हतं.

मंगेशने पडदा थांबवला. सासूबाई स्वतःच्या हातांकडे पाहत होत्या.

“तू ऐकलं असतंस,” त्या म्हणाल्या, “तर एक क्षण आधी उडी टाकली असतीस नि डोंगरात चेपली असतीस. माझ्या सांगण्यानं. महिनाभर मला झोप नाय. वाटायचं, तू सही नको म्हणतेस तेच बरं.”

“पण मलाच का सांगितलंत तुम्ही? मंगेश...”

“मंगेश माझा आहे,” त्या म्हणाल्या. “त्याच्या सोबतीला मी होते. तू कशाला यायचंस? मुक्ताला कोणीतरी नको?”

मंगेश म्हणाला, “म्हणजे गाडी थांबेल असं दोघींपैकी एकीलाही वाटलं नव्हतं.” तो हसला, आणि हसता हसता त्याने चष्मा काढून डोळे पुसले. मग उठून माझ्या डोक्यावर एक टपली मारली. त्याची माफी म्हणजे तेवढीच, आणि मला ती पुरली.

सही मी पहिली केली. ‘ओळख खुली ठेवायची का?’ या प्रश्नापुढे ‘हो’ लिहिलं. मंगेशने केली. सासूबाईंनी चष्मा शोधून, पूर्ण नाव लिहून, खाली रेघ ओढली.

दिवाळी-दसऱ्याला मी त्यांच्या पाया पडते. बाविसेक वर्षं पडते आहे, एका हाताने गॅस बंद करत, अर्धवट वाकून, पुढच्या कामाच्या घाईत. त्या दुपारी मी जमिनीवर बसून त्यांच्या पायांवर डोकं ठेवलं आणि ते लवकर उचललं नाही.

“काय गो, आज काय आहे?” त्यांनी विचारलं.

“काही नाही,” मी म्हटलं. “आज बुधवार आहे.”